उत्प्रेरक म्हणजे काय? गॅस, पऱ्हाटी आणि गटाच्या बचतीशी त्याचं नातं



सिलिंडरच्या नळीला बसवायची डबी, डिझेलमध्ये टाकायची पावडर, पाण्यावर शेगडी पेटवणारं यंत्र. असल्या वस्तू घेऊन कोणी गावात आलं, की एक शब्द हमखास कानावर येतो. "यात कॅटॅलिस्ट आहे ताई, इंधन निम्म्यावर येईल." मग बैठकीत दोन बाजू पडतात. कोणी म्हणतं एक घेऊन तर बघू, कोणी म्हणतं हा फसवतोय. पण कॅटॅलिस्ट म्हणजे नेमकं काय, हे माहीत नसेल तर दोन्ही बाजूंचं बोलणं नुसत्या अंदाजावर चालतं. बारा जणींच्या गटाने महिना शंभर रुपये टाकले, तर वर्षाला जमतात १४,४०० रुपये. एवढा पैसा अंदाजावर लावायचा नसतो.

कॅटॅलिस्टला मराठीत उत्प्रेरक म्हणतात. हा शब्द मुलांच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकं घ्यायला गेलात तर पुस्तक जरा चाळून बघा. वस्तू अगदी खरी आहे, तिच्यावर मोठमोठे कारखाने चालतात आणि आपल्या महाराष्ट्रातल्या शास्त्रज्ञांनी तिच्यावर आयुष्यं घातली आहेत. म्हणूनच तिच्या नावावर खोटा माल खपवणं सोपं जातं. खरं काय ते समजलं, की खोटं आपोआप ओळखू येतं.

सोयरीक जुळवणारी बाई

प्रत्येक गावात सोयरीक जुळवणारी एखादी मावशी असते. मुलीकडचे इकडे, मुलाकडचे तिकडे. दोन्ही घरं चांगली, पण एकमेकांना ठाऊक नाहीत. मावशी मध्ये पडते, गाठ घालून देते, बोलणी पुढे सरकतात. लग्न लागतं आणि मावशी मोकळी होते. ती काही त्या संसारात राहत नाही, दुसऱ्या दिवशी पुढची सोयरीक बघायला निघते.

उत्प्रेरक हे असंच काम करतो. दोन पदार्थांची एकमेकांशी क्रिया होणार असते, पण ती फार हळू होते किंवा फार जास्त उष्णता मागते. उत्प्रेरक त्यांना आपल्या अंगावर जवळ आणतो, क्रिया घडवतो आणि स्वतः बाजूला होतो. तो त्या क्रियेत खर्ची पडत नाही, म्हणून थोडासा उत्प्रेरक पुष्कळ माल तयार करू शकतो.

आता मावशीची एक मर्यादा लक्षात ठेवा. दोन्ही घरांना लग्न करायचंच नसेल, तर मावशी काही करू शकत नाही. उत्प्रेरकाचंही तसंच. जी क्रिया मुळात होण्यासारखी आहे, तीच तो लवकर घडवतो.

घाट आणि बोगदा

कन्नडहून चाळीसगावला जाताना घाट लागतो. समजा, मध्ये एक डोंगर चढून मग उतरायचं आहे. गाडीला चढणीला डिझेल जास्त लागतं. त्याच डोंगराच्या पोटातून बोगदा काढला तर चढण वाचली, वेळ वाचला. पण कन्नड जितकं उंचावर आहे तितकंच राहिलं आणि चाळीसगाव जितकं खाली आहे तितकंच राहिलं.

उत्प्रेरक म्हणजे हा बोगदा. तो चढण कमी करतो. पण सुरुवात आणि शेवट यांच्यातला ऊर्जेचा फरक तो बदलू शकत नाही. एक किलो गॅसमध्ये जेवढी उष्णता आहे तेवढीच आहे, कोणताही उत्प्रेरक तिची दीडपट करत नाही. नवी ऊर्जा तो तयार करत नाही, असलेली ऊर्जा वापरायची वाट सोपी करतो. या लेखातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

घरातच करून बघा

ज्वारीच्या भाकरीचा नुसता घास तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता बराच वेळ चावत राहा. थोड्या वेळाने चव गोडसर लागते. भाकरीत साखर घातलेली नसते. आपल्या लाळेत एक उत्प्रेरक असतो, तो पिठातल्या स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर करतो. सजीवांच्या अंगात तयार होणाऱ्या अशा उत्प्रेरकांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा लावतात, तिथेही पपईतला विकरच काम करतो. गोबरगॅसच्या टाकीत शेणाचा गॅस होतो तो जिवाणूंच्या विकरांमुळे. थंडीत गॅस कमी येतो, कारण गारठ्यात त्यांचं काम मंदावतं.

कारखान्यातले उत्प्रेरक बहुतेक वेळा धातू किंवा धातूंची संयुगं असतात. वनस्पती तूप घ्या. पातळ तेलाचं घट्ट तूप करताना तेलातून हायड्रोजन वायू सोडतात आणि सोबत निकेल धातूची बारीक पूड असते. निकेल मग गाळून काढून घेतात.

सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या शेतात आहे. युरियाची ४५ किलोची गोणी. युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनिया हवेतल्या नायट्रोजनपासून. नायट्रोजन भारी हट्टी वायू, सहजासहजी कोणाशी जुळत नाही. फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याला हायड्रोजनशी जोडायची रीत बसवली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ इथे कारखाना सुरू झाला. त्यासाठी योग्य उत्प्रेरक सापडेपर्यंत हजारो मिश्रणं तपासून बघितली गेली. शेवटी कामी आलं ते साधं लोखंड, त्यात थोडे दुसरे पदार्थ मिसळून. आजही जगातला अमोनिया मुख्यतः लोखंडाच्याच आधाराने बनतो.

अर्जुनवाडा ते माटुंगा

आता आपल्या माणसाची ओळख. डॉ. गणपती दादासाहेब यादव. जन्म १९५२चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाडा गावचा. खेड्यातला हा मुलगा शिकायला मुंबईत माटुंग्याला आला. तिथे १९३३ मध्ये सुरू झालेली रसायन तंत्रज्ञानाची संस्था आहे. पूर्वी ती यूडीसीटी नावाने ओळखली जायची, आता तिला आयसीटी म्हणतात. यादव सरांनी तिथे केमिकल इंजिनिअरिंग केलं, प्रा. मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली पीएच.डी. केली, तिथेच शिकवलं आणि २००९ ते २०१९ या काळात तिथले कुलगुरू झाले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्यांना सदस्य म्हणून निवडलं.

त्यांचा आयुष्यभराचा विषय उत्प्रेरक. त्यातलं एक काम समजायला सोपं आहे. अनेक रसायनं बनवताना सल्फ्युरिक आम्लासारखं पातळ, जहाल आम्ल वापरतात. माल तयार झाला की ते आम्ल मालातून काढावं लागतं, धुवावं लागतं आणि ते धुण्याचं पाणी शेवटी नाल्यात जातं. कारखान्यांच्या जवळच्या गावांतल्या विहिरींना त्याचा भोग भोगावा लागतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. यादव सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आम्लाचं काम करणारे घट्ट, दाणेदार उत्प्रेरक तयार केले. झिरकोनियासारख्या पदार्थावर आम्लपणा पक्का बसवायचा. दाणे चहाच्या चोथ्यासारखे गाळून काढता येतात आणि परत वापरता येतात. आपल्या जुन्या संस्थेच्या नावावरूनच त्यांनी या दाण्यांना 'यूडीकॅट' असं नाव दिलं.

अशा दाण्यांची खुबी त्यांच्या छिद्रांत असते. ओंडका हळू जळतो आणि त्याचीच ढलपी काढली की भुरुभुरु जळते, कारण हवेला भिडणारी बाजू वाढते. उत्प्रेरकाचंही तसंच. त्याला आतून इतकी बारीक भोकं असतात, की काही प्रकारांच्या एका ग्रॅममध्ये चारशे-पाचशे चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर पुडीत चार-पाच गुंठे रान!

पाण्यातून हायड्रोजन: खरा कसा, खोटा कसा

पाण्यात हायड्रोजन असतो, तो जळतो आणि जळल्यावर धूर न होता पुन्हा पाणीच होतं. इथवर सगळं खरं. इथूनच "पाण्यावर चालणारी शेगडी" विकणारे आपली गोष्ट सुरू करतात. ते एक गोष्ट लपवतात. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन, एका अर्थाने हायड्रोजनची राखच. राखेतून पुन्हा लाकूड करायचं तर जळताना जेवढी उष्णता निघाली, तेवढी तरी परत घालावीच लागते.

यादव सरांच्या प्रयोगशाळेने ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर याच प्रश्नावर काम केलं. नुसत्या उष्णतेने पाणी फोडायचं तर दोन हजार अंशांहून जास्त तापमान लागतं. तेवढं सोसणारी भांडी कुठून आणायची? म्हणून त्यांनी तांबं आणि क्लोरीन यांची संयुगं मध्यस्थ म्हणून घेतली. काम एका उडीत करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने करायचं. सगळ्यात गरम टप्प्यालाही साधारण साडेपाचशे अंश पुरतात. एका टोकाला पाणी आत जातं, दुसऱ्या टोकाला हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर येतात, तांबं आणि क्लोरीन फिरून पुन्हा सुरुवातीला. मात्र उष्णता बाहेरून द्यावी लागते, एका टप्प्याला वीजही लागते. ती उन्हाची असेल तर तयार होणारं इंधन स्वच्छ, कोळशाची असेल तर धूर फक्त दुसऱ्या गावाला गेला.

पद्मश्री मिळालेल्या शास्त्रज्ञालाही पाण्यातून फुकट ऊर्जा काढता येत नाही. मग पिशवीत डबी घेऊन आलेल्याला कुठून येणार? १९९६ मध्ये तामिळनाडूत एकाने जडीबुटी टाकून पाण्याचं पेट्रोल केल्याचा दावा केला होता. देशभर गाजावाजा झाला, पण शास्त्रज्ञांच्या तपासणीपुढे तो दावा टिकला नाही.

पुण्याची शेगडी

आपल्या सिलिंडरमधला निम्म्याहून जास्त गॅस परदेशातून येतो. म्हणून तिकडे युद्ध झालं की इकडे भाव हलतो. याला पर्याय म्हणून डायमिथाइल इथर, म्हणजेच डीएमई नावाच्या वायूवर जगभर काम चालू आहे. तो एलपीजीसारखाच दाबाखाली पातळ होतो, सिलिंडरमध्ये भरता येतो आणि जळताना काजळी धरत नाही. तो मिथेनॉलपासून बनवतात आणि बनवायला उत्प्रेरक लागतो. यादव सरांच्या गटाने याच्याही मागे जाऊन काम केलं आहे: धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून डीएमई करणारे उत्प्रेरक.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने डीएमई बनवणारा छोटा प्रायोगिक प्रकल्प उभा केला. डीएमईची ज्योत एलपीजीपेक्षा वेगळी, तिला हवा वेगळ्या प्रमाणात लागते, म्हणून त्यांनी नवी शेगडीही बनवली. 'अदिती ऊर्जा संच' हे तिचं नाव, सप्टेंबर २०२० मध्ये ती लोकांपुढे आली. नुसता डीएमई, नुसता एलपीजी किंवा दोन्हींचं मिश्रण, तिन्हींवर ती चालते.

आता आकडे बघा. त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला २० ते २४ किलो. आपलं घरगुती सिलिंडर १४.२ किलोचं. म्हणजे दिवसाला दीड-पावणेदोन सिलिंडर. प्रयोगशाळेतून गावापर्यंतची वाट किती लांब असते ते यावरून कळतं. दुसरा आकडा: एक किलो डीएमई एक किलो एलपीजीच्या साधारण ६० टक्केच उष्णता देतो. म्हणून उद्या असं इंधन बाजारात आलं, तर नुसता किलोचा भाव विचारून चालणार नाही. तेवढ्यात किती दिवस स्वयंपाक होतो, ते विचारावं लागेल. एक इशाराही द्यायला हवा. मिथेनॉल हे विष आहे. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात, जीवही जातो. कोणत्याही कारणाने ते घरात ठेवायचं नाही.

आपल्या पऱ्हाटीचं काय?

कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उभी राहते किंवा बांधावर जळते. उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, जाळली तर धूर होतो. या काडीकचऱ्यातही साखर आहे, पण ती लाकडात घट्ट अडकलेली असते. ती विकरांनी सोडवायची आणि मग आंबवून इथेनॉल करायचं, असं काम माटुंग्याच्या त्याच संस्थेतल्या ऊर्जा केंद्राने केलं. दिवसाला १० टन काडीकचरा घेणारा त्यांचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला सुरू झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा मोठा कारखाना देशाला अर्पण झाला. तो वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल करेल, अशी त्याची आखणी आहे. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. खर्च ९०० कोटींच्या वर.

हा आकडा मुद्दाम सांगितला. विकर वापरून इथेनॉल करणं हे गटाच्या शेडमध्ये होणारं काम नाही. तशी "छोटी मशीन" कोणी दाखवली तर सावध व्हा. गटाची जागा या साखळीत दुसरीकडे आहे: पऱ्हाटी गोळा करणं, बारीक करणं, वाळवणं आणि पोहोचवणं. कांडी, म्हणजे ब्रिकेट बनवण्याचा धंदा गटाला जमू शकतो. पण कांडी नुसत्या दाबाने आणि दाबातून आलेल्या उष्णतेने तयार होते, तिला कॅटॅलिस्टची गरज नसते. ब्रिकेटच्या मशीनसोबत कोणी "खास कॅटॅलिस्ट पावडर" गळ्यात मारत असेल, तर ती पावडर त्याच्या नफ्यासाठी आहे.

उत्प्रेरक कायमचा टिकत नाही

उत्प्रेरक खर्ची पडत नाही हे खरं, पण तो म्हातारा होतो. तव्याखाली काजळी धरते तशी त्याच्या छिद्रांत काजळी बसते, मग ती जाळून काढावी लागते. त्याला विषबाधाही होते. गंधक हा पुष्कळ धातूंच्या उत्प्रेरकांचा वैरी. तो अंगावर एकदा बसला की जागा सोडत नाही आणि इतरांना जागाच उरत नाही. गोबरगॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाच्याच वायूचा. म्हणून गॅस इंजिनात किंवा यंत्रात सोडण्याआधी लोखंडाच्या किसातून नेऊन तो वायू काढून घेतात. "एकदा बसवा, जन्मभर चालेल" असं कोणी म्हणालं तर हे आठवा.

लेकीसाठी

यादव सर कुलगुरू असतानाच, २०१८ मध्ये, आयसीटीचं मराठवाड्यातलं केंद्र जालन्यात सुरू झालं. बारावी विज्ञाननंतर थेट केमिकल इंजिनिअरिंगचं एम.टेक.पर्यंतचं सलग शिक्षण तिथे मिळतं. आपल्या जिल्ह्यातल्या मुलीला आता मुंबई गाठायची गरज नाही, जालना आपल्या शेजारीच आहे. ज्या मुलींना बीएस्सी करायचं आहे त्यांना औरंगपुऱ्यातच सरस्वती भुवनचं विज्ञान महाविद्यालय आहे. अट एकच, अकरावीला विज्ञान घेताना गणित सोडू नका. "मुलीला गणित कशाला" म्हणून ते सोडलं, की इंजिनिअरिंगची ही वाट तिथेच बंद होते. परीक्षा आणि प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षी तपासून घ्या, फीसवलतीची चौकशी आधीच करा.

पैसे लावण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

हे बैठकीत मोठ्याने वाचा आणि ठरावाच्या वहीत लिहून ठेवा.

१. यात ऊर्जा कुठून येते? ऊन, शेण, लाकूड, वीज की गॅस? "कॅटॅलिस्टमधून येते" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

२. बचत किती होते आणि ती कोणी मोजली? विकणाऱ्याच्या मोबाइलमधला व्हिडिओ म्हणजे मोजमाप नाही. आपल्याच एका घरात, त्याच शेगडीवर, एक सिलिंडर डबीसह आणि एक डबीशिवाय, किती दिवस गेलं ते लिहा.

३. यातला उत्प्रेरक किती दिवस टिकतो, बदलायला किती खर्च येतो आणि नवीन कुठे मिळतो?

४. गॅसच्या नळीत किंवा रेग्युलेटरमध्ये हे बसवायला गॅस कंपनीची परवानगी आहे का? नसेल तर बचत राहू द्या, आधी जीव सांभाळा.

५. पक्कं बिल, पत्ता आणि लेखी हमी मिळते का? आजच्या आज पैसे द्या अशी घाई कोणी करत असेल, तर पुढच्या बैठकीला या म्हणून सांगा.

खऱ्या वस्तूवाला पुढच्या बैठकीलाही येतो. तो आला, तर हेच पाच प्रश्न त्याच्यासमोर पुन्हा विचारा, उत्तरं वहीत उतरवा, त्याखाली त्याची सही घ्या आणि मगच सगळ्या जणींनी मिळून हात वर करा.